१०१ टक्के

गेल्या शनिवारी परतूरला घरी गेलो होतो. चहा पिता पिता काका म्हणाले, "रेडिओवर 'सरासरीइतका पाऊस' म्हणले की मी बियाण्याची पिशवी आधी आत ठेवतो." सगळे हसले, मीपण हसलो. परत येताना गाडीत मात्र वाटलं, काकांचा उपाय चुकीचा असेल, संशय नाही.

२००२ चंच घ्या. हवामान खात्याचा अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. देशात पडला ८१ टक्के. जुलैमध्ये तर जेमतेम निम्मा! हा अंदाज आला होता डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास उभ्या केलेल्या सोळा घटकांच्या मॉडेलमधून. हिमालयातला बर्फ, एल निनो, पूर्व किनाऱ्यावरचं किमान तापमान, अगदी अर्जेंटिनातला हवेचा दाबसुद्धा त्यात होता.

आता आपल्या धंद्यातला कोणीही सांगेल. मान्सून वर्षातून एकदाच येतो. म्हणजे तीस वर्षांत ओळी तीस, आणि कॉलम सोळा! एवढ्यावर काहीही फिट होतं. ह्याला आपण ओव्हरफिटिंग म्हणतो. टेस्टिंगला हिरवं, प्रॉडक्शनला आडवं.

"पण आधी इतकी वर्षं बरोबर आलं ना?" हा ठरलेला बचाव. अहो, १९८८ ते २००१ मध्ये देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नाही. दरवर्षी डोळे मिटून "यंदा दुष्काळ नाही" म्हणणारासुद्धा पासच झाला असता. ज्या प्रश्नासाठी परीक्षा होती, तो प्रश्न पेपरात आलाच नव्हता. आला, तेव्हा दांडी गुल.

बरं, हे कोणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. ह्याच खात्याचे एकेकाळचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१४ मध्येच बजावलं होतं, की ढीगभर संबंध तपासून त्यातले चांगले तेवढे उचलले, तर काही निव्वळ योगायोगाने चांगले दिसतात.

लगेच "विज्ञान म्हणजे थापा" असं म्हणणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत. मॉडेलमधले दोष शोधले तेही शास्त्रज्ञांनीच, आणि २००३ मध्ये खात्याने आठ आणि दहा घटकांची नवी मॉडेल्स आणली. माझं भांडण आकड्यांशी नाही. 'संबंध दिसला' पासून 'कारण कळलं' पर्यंत मारलेल्या उडीशी आहे.

कारण ती उडी चुकली तर शास्त्रज्ञाचा नवा पेपर होतो, शेतकऱ्याची दुबार पेरणी. आणि अख्ख्या देशाची सरासरी परतूरच्या शिवारात पडत नाही. हल्ली अंदाजासोबत शक्यताही सांगतात, चांगलंच आहे. पण बातमीत उरतो एकच आकडा.

म्हणून निष्कर्ष सांगणाऱ्याला एवढंच विचारा: तुमचं चुकलंय हे कशावरून कळेल? उत्तर नसेल, तर पिशवी आत ठेवलेली बरी.