चमकेचें माप

रक्ताची तपासणी करणाऱ्या यंत्रांत फ्लो सायटोमीटर नांवाचें एक यंत्र आहे. त्यांत पेशी बारीक धारेंतून एकीमागून एक लेझरच्या किरणासमोरून जातात. विशिष्ट प्रथिनांना चिकटणारीं, रंगद्रव्य जोडलेलीं प्रतिपिंडें आधींच पेशींत मिसळलेलीं असतात. किरण पडतांच रंग चमकतो व यंत्र ती चमक आंकड्यांत मांडतें. ह्या चमकेस १८५२ सालीं जॉर्ज स्टोक्स यांनीं फ्लुओरेसन्स असें नांव दिलें.

आंकडा मिळाला म्हणजे माप झालें, असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. चमक टिपणाऱ्या नळीस विजेचा दाब जरा अधिक दिला, कीं तीच पेशी दुप्पट उजळ ठरते. दोन परीक्षकांचे साठ गुण सारखे नसतात, हें आम्हां मास्तरांस ठाऊक आहे. पण तेथें फार तर मुलाचा क्रमांक बदलतो. येथें प्रश्न जिवाचा आहे. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया ह्या रक्ताच्या कर्करोगांत सीडी२० हें प्रथिन निरोगी बी पेशींपेक्षां बहुधा मंद चमकतें, व निदानांत त्याचा आधार घेतात. मंद खरें, पण कोणत्या मापानें?

उपाय म्हणून रंगाच्या ज्ञात प्रमाणाच्या सूक्ष्म गोळ्या करितात. त्या यंत्रांतून सोडून आंकडा व रेणुसंख्या यांचें नातें काढिलें, म्हणजे पेशीची चमक ‘इतक्या रेणूंइतकी’ असें बोलतां येतें. मात्र गोळीचें माप तरी कोणी ठरवावें? फ्लुओरेसीन ह्या रंगाची चमक द्रावणाच्या आम्लतेनुसार बदलते, म्हणून हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें त्यासाठींच फ्लुओरेसीनचें प्रमाणित द्रावण तयार केलें.

युरोपांतील युरोफ्लो ह्या संशोधक-मंडळानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेली रीत आम्हांस विशेष पटली. सर्व गांवच्या यंत्रांना एकच विजेचा दाब द्यावा, असें ती सांगत नाहीं. यंत्रायंत्राची प्रकृति निराळी असते. एकाच जातीच्या गोळीवर सर्वत्र ठराविक आंकडा येईपर्यंत ज्याचा त्यानें दाब जुळवावा, असें ती म्हणते. सारखेपणा उत्तरांत हवा, खुंटी पिळण्यांत नव्हे. तंबोरा लावणारास हें सांगावयास नको.

घरांत असा रुग्ण असेल, तर दोन प्रयोगशाळांच्या अहवालांतील चमकेचे आंकडे शेजारीं मांडून बरेंवाईट ठरवूं नये. तें काम वैद्यांचें. यंत्र रोज गोळ्यांनीं तपासतात काय, एवढें विचारण्यास मात्र हरकत नाहीं. सीडी४ ची मोजणी ही वेगळी गोष्ट आहे. तेथें चमक किती ह्यापेक्षां चमकणाऱ्या पेशी किती, हें पाहावयाचें असतें. त्याकरितां पुष्कळ ठिकाणीं मोजून टाकलेल्या गोळ्या वापरतात, आणि गोळ्यांच्या प्रमाणावरून पेशींची संख्या काढितात.