फवारणीचा धडा गोळीलाही
वाराणसीत भाजीपाल्यावरील किडींचा अभ्यास करताना एक गोष्ट वारंवार जाणवते: एकच कीटकनाशक सतत फवारले की त्याला न जुमानणाऱ्या अळ्याच मागे उरतात. जिवाणूंचेही तसेच आहे. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन डाळिंबाच्या तेल्या रोगावरही फवारले जाते. प्रतिकारशक्तीच्या याच धोक्यामुळे केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्या शेतीतील वापरावर बंदीचा मसुदा काढला. मात्र शेतात सावध असणारे आपण घरी सर्दीसाठी उरलेल्या गोळ्या घेतो. सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. पाकिटावर लाल रेषा असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, सांगितलेल्या मात्रेत व सांगितलेले दिवस घ्यावे. विस्तार कार्यकर्त्यांनी फवारणीच्या सल्ल्यासोबत हेही सांगावे, असे माझे मत आहे.