मळे उघडे ठेवू नका



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भातकापणी आटोपत आली असेल. खळ्यात झोडणी चालू असेल आणि खाली मळ्यात ओल अजून टिकून असेल. याच ओलीवर आपल्याकडे वायंगणी भाजी व्हायची. कुळीथ-पावटा पेरून झाला की विहिरीच्या नाहीतर वहाळाच्या कडेला वाफे पडायचे. त्यात मुळा, लाल माठ, वांगी, मिरची. शेणखत आणि चुलीतली राख घालायची, सकाळ-संध्याकाळ कळशीने शिंपायचं. महिनाभरात माठ उपटायला येई आणि शिमग्यापर्यंत भाजीला पैसे पडत नसत. आज कितीतरी वाड्यांतले मळे कापणीनंतर तसेच पडून राहतात. आंबा घाट उतरून आलेली भाजी आपण विकत घेतो, आणि महाग म्हणून थोडीच घेतो. ताटात भात भरपूर, कालवण, लोणचं, भाजी चवीपुरती.

याची किंमत दवाखान्यात मोजावी लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं दिसलं. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तिथलं भात-मासळीचं जेवण आपल्यासारखंच, म्हणून हा आकडा आम्हाला झोप लागू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, तीही बटाटा-रताळी वगळून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शिका आणखी पुढे जाते: ४०० ग्रॅम भाज्या आणि वर १०० ग्रॅम फळं. म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोच्या वर भाजी. भाजीतल्या तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. पोटॅशियममुळे जादा मीठ लघवीवाटे निघून जायला मदत होते आणि रक्तदाब आटोक्यात राहतो. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा.)

फळं तर आपल्या दारात पिकतात. हापूस पेटीत भरून मुंबईला जातो, ते पोटाचं गणित आहे. पण काजूची बी पिळून घेऊन बोंडं झाडाखाली कुजत टाकायची, याला काय म्हणावं? संत्र्याहून कितीतरी जास्त क जीवनसत्त्व त्या बोंडात असतं. फोडी करून मीठ लावलं की घशाची खवखवही कमी होते. पपई, पेरू, करवंदं, जांभळं ही पोरांनी अख्खी खावीत. साखर ओतलेल्या सरबताने ते काम होत नाही.

मात्र एवढा उपदेश करून हात झटकणं आम्हाला मान्य नाही. लोकांनी परस आळसाने सोडलेलं नाही. वानर-माकडांची टोळी एका दुपारी पडवळाचा मांडव मोकळा करते, रात्री रानडुक्कर कणगरं उकरतं. घरात म्हातारी दोन माणसं, मुलगा-सून मुंबईला. राखण करायची कोणी? माकडांच्या बंदोबस्ताची चर्चा आंब्या-नारळाच्या नुकसानभरपाईपाशी थांबते. तो वाडीच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून ग्रामसभेत मांडला जायला हवा. एकट्या घराचा वाफा वाचत नाही. पाच-सात घरांनी मिळून सलग मळा केला, सामाईक कुंपण घातलं, राखणीच्या पाळ्या लावल्या, तर वाचण्याची आशा आहे. ग्रामपंचायतीने आधी पैसा इथे घालावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बियाण्याची अडचण त्यामानाने लहान आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कारल्याचं 'कोकण तारा', पडवळाचं 'कोकण श्वेता' असे आपल्या हवेला मानवणारे वाण दिले आहेत. गावठी बी मात्र घरोघरच्या जुन्या माणसांकडेच मिळेल, राखेत घोळून बाटलीत ठेवलेलं. ज्यांच्याकडे लाल माठाचं, वालाचं, दोडक्याचं असं बी असेल त्यांनी आम्हाला पत्र टाकावं. मागणाऱ्यांपर्यंत ते या हंगामातच पोहोचवू.



— संपादक