काळाच्या पुढे म्हणजे नेमके कोणाच्या पुढे?

डेट्रॉइटच्या ‘डेथ’ या बँडविषयी लिहिताना ‘काळाच्या पुढे असलेला’ हे विशेषण बहुतेकांच्या लेखणीतून आपोआप उतरते. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी या तीन कृष्णवर्णीय भावांनी १९७५ साली युनायटेड साउंड या स्टुडिओत सात गाणी ध्वनिमुद्रित केली. ती प्रकाशित झाली २००९ साली, शिकागोच्या ड्रॅग सिटी या कंपनीकडून. आणि पंकच्या आधीचे पंक सापडले, असा एकच गाजावाजा झाला. माझा आक्षेप या ‘सापडण्या’ला आणि त्या विशेषणाला आहे.

काळाच्या पुढे कसे? एमसी-फाइव्ह आणि स्टूजेस या त्याच परिसरातल्या बँडांचे पहिले अल्बम १९६९ सालीच आलेले होते. तो कर्कश, आक्रमक नाद डेट्रॉइटला अपरिचित नव्हता. अपरिचित होते ते वाजवणारे हात. मोटाउनच्या शहरात काळ्या मुलांनी सोल किंवा फंक वाजवावे, ही बाजाराची अपेक्षा. त्यात नावाची अडचण. वडिलांच्या अपघाती मृत्यूनंतर डेव्हिडने विचारपूर्वक ठेवलेले हे नाव बदला, अशी अट एका बड्या कंपनीने घातली. त्याने ती धुडकावली. पैशाचा ओघ आटला आणि बारा गाण्यांचा बेत सातांवर थांबला. १९७६ साली भावांनी स्वतःच दोन गाण्यांची एक रेकॉर्ड काढली. प्रती पाचशे.

‘काळाच्या पुढे’ म्हटले की हा सारा व्यवहार अदृश्य होतो. नाकारणारे निर्दोष सुटतात. दोष जणू दिनदर्शिकेचा! (वर्गात एखाद्या उपेक्षित लेखकाला हेच प्रशस्तिपत्र देऊन आपणही पुढच्या प्रकरणाकडे वळतो. त्याचे हस्तलिखित कोणी आणि का परत केले, हे विचारायचे राहून जाते.)

आणि ‘हरवलेल्या’ ध्वनिफिती? त्या व्हरमाँटमध्ये बॉबीच्या घराच्या माळ्यावर होत्या. त्या पाचशे प्रतींतल्या एखादीसाठी धडपडणाऱ्या संग्राहकांमुळेच पुढचे प्रकाशन घडले, हे मान्य. पण ज्यांनी वस्तू तीन दशके जपली त्यांच्याकडूनच ती ‘शोधून काढली’ म्हणणे, ही वसाहतकारांची भाषा झाली. डेव्हिड तर २००० सालीच कर्करोगाने गेला होता.

त्या पाचशे प्रतींवरचे ‘पॉलिटिशियन्स इन माय आईज’ हे गाणे माणसांना युद्धावर धाडणाऱ्या राजकारण्यांविषयी आहे. व्हिएतनामचे युद्ध संपले १९७५ साली. याहून समकालीन आणखी काय असायला हवे होते?