सायकलीची शर्यत आणि जोडीदार

गेल्या जानेवारींत आमच्या शाळेच्या क्रीडासप्ताहांत वरच्या वर्गांतील मुलांची सायकल-शर्यत झाली, ती आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलीच असेल. त्र्यंबकच्या रस्त्यानें अंजनेरीपर्यंत जावयाचें व परत यावयाचें. मुलांनीं जोडीजोडीनें निघावयाचें, आणि जोडींतील मागचा मुलगा पोहोंचेल तीच त्या जोडीची वेळ धरावयाची, असा नियम होता. नियम आम्हींच केलेला असल्यामुळें त्याच्या परिणामाची जबाबदारीही आमच्याकडेच येते. एका जोडींतील एक मुलगा चांगला दणकट. दुसरा मनापासून सायकल चालविणारा, परंतु दमास कच्चा. महिरावणीच्या पुढें दुसऱ्याच्या पायांत गोळे आले, पहिला त्याच्यासाठीं थांबला, आणि दोघेही सर्वांच्या शेवटीं परत आले. बक्षीससमारंभाच्या दिवशीं पहिल्या मुलाचे वडील आम्हांस भेटले व म्हणाले, "सर, माझा मुलगा एकटा असता तर पहिला आला असता. दुसऱ्याच्या पायांची शिक्षा त्याला कां?"

आम्हीं त्या वेळीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. पुढें तो मुलगा स्वतःच येऊन 'पुढच्या वर्षीं जोडीदार बदलून द्या' असें सांगून गेला. आणि दुसऱ्यानें त्या दिवसापासून शाळेंत सायकल आणण्याचेंच सोडलें. तो आतां रिक्षानें येतो. ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. त्या पालकांस तेव्हां जें उत्तर देतां आलें नाहीं, तें आज येथें देण्याचा यत्न करीत आहों.

त्यासाठीं फार दूरचें उदाहरण शोधावयास नको. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन हे दोघे सख्खे भाऊ. एक भूलतज्ज्ञ व दुसरे दंतवैद्य. सायकल हा दोघांचाही धंदा नव्हे. या दोघांनीं २०१५ सालीं 'रेस अक्रॉस अमेरिका' नांवाची शर्यत दोघांचा संघ करून पुरी केली. पॅसिफिक महासागराच्या कांठच्या ओशनसाइड गांवाहून निघून अमेरिकेच्या पूर्व बाजूस अॅनापोलिस येथें पोहोंचावयाचें, असा त्या वेळीं मार्ग होता. अंतर सुमारें ३००० मैल, म्हणजे ४८०० किलोमीटर. नाशिकहून मुंबईस चौदा वेळां जाऊन यावें, तेव्हां कोठें हा हिशोब जुळतो. वाटेंत आधीं वाळवंटाचा उन्हाळा, मग रॉकी पर्वतांतील वुल्फ क्रीक घाट (त्याची उंची आपल्या कळसुबाईच्या दुप्पट), मग कॅन्ससच्या सपाट मुलखांतील वारा, आणि शरीर पार थकल्यावर शेवटीं पुन्हां अॅपलाचियन पर्वताचे चढउतार. संघांस मुदत ९ दिवसांची. महाजन बंधूंस ८ दिवस १४ तास ५५ मिनिटें लागलीं, आणि ही शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय संघ हा मान त्यांस मिळाला.

आतां मुलांनीं एक लहानसें गणित वहींत मांडून पाहावें. ९ दिवसांचे तास होतात २१६. या बंधूंनीं घेतले २०६ तास ५५ मिनिटें. शिल्लक उरली ९ तास ५ मिनिटें. म्हणजे रोजचा एकेक तास जरी वायां गेला असता, तरी हातांत अवघीं पांच मिनिटें राहतीं!

हा एक तास कोठें जातो व कसा वांचतो, यांतच आमच्या प्रश्नाचें उत्तर आहे. दोघांच्या संघांत रस्त्यावर एका वेळीं एकच स्वार असला तरी पुरतें. दुसरा तेवढ्या वेळांत सोबतच्या गाडींत खातो, पाय चोळून घेतो, डोळा लागला तर झोंपतो, आणि पाळी येतांच पुन्हां सायकलीवर बसतो. घड्याळ मात्र दोघांचें मिळून एकच. कोणीं किती मैल काटले याचें निराळें बक्षीस नाहीं. अशा वेळीं दणकट गड्याच्या मनांत येतें कीं, जोडीदार निजला आहे, त्यास कशाला उठवावें, आणखी अर्धा तास आपणच ओढूं. यांत प्रेमही असतें व थोडी ऐटही असते. परंतु त्या अर्ध्या तासांत वेग मंदावतो, पाय कामांतून जातात, आणि त्याच्या पुढच्या पाळीवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून 'मी दमलों, आतां तूं बैस' हें वेळेवर सांगणें हा या खेळांतील कमीपणा नसून कसब आहे, आणि आमच्या मतें तें चढ चढण्याहून अवघड आहे. तितकेंच अवघड म्हणजे गाडींत पडल्यावर निर्धास्तपणें झोंपणें. कारण बाहेर सायकल नीट चालली आहे असा भरंवसा असल्याखेरीज झोंप येत नाहीं.

झोंप न घेतल्यास काय होतें याची एक मौजेची, पण भयंकर हकीकत या शर्यतीच्या इतिहासांत आहे. ही शर्यत १९८२ सालीं चार स्वारांनीं सुरू केली. त्यांपैकीं मायकेल शर्मर हे १९८३ च्या शर्यतींत जवळजवळ साडेतीन दिवस झोंपेवांचून चालले, आणि नेब्रास्का प्रांतांत पोहोंचल्यावर त्यांस आपलेच सोबती परग्रहावरून आलेले जीव वाटूं लागले! सोबत्यांनीं त्यांस कसेंबसें निजविलें. दीड तासानें उठले तेव्हां शुद्धीवर होते. मुलांस ही गोष्ट सांगितली कीं तीं खदखदून हंसतात. परीक्षेच्या आठवड्यांत रात्ररात्र जागून, आई चहा घेऊन आली म्हणजे तिच्यावरच खेंकसणारे विद्यार्थी मात्र या ठिकाणीं जरा कमी हंसतात, असा आमचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल कीं, ही शर्यत एकट्यानेंही करतां येते. खरेंच आहे. सैन्यांतील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे एकट्यानें ही शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय. २०१६ सालीं त्यांचा पहिला प्रयत्न अपुरा राहिला; २०१७ सालीं ते ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत पोहोंचले. त्यांच्या चिकाटीपुढें कोणीही नमावें. परंतु एकटा म्हणविणाऱ्या स्वाराबरोबरही सोबत्यांची गाडी असतेच. रात्रीं तर तिच्या दिव्यांच्या उजेडांतच त्यानें चालावें असा नियम आहे. तहान लागण्यापूर्वीं पाणी देणारा आणि 'आतां उतर' असें म्हणणारा कोणी नसेल, तर एकट्याची शर्यतही एकट्याच्यानें होत नाहीं.

असो. आम्ही त्र्यंबकच्या रस्त्यावर परत येतों. त्या दुसऱ्या मुलास पुढें एकदां जवळ बसवून आम्हीं विचारलें, तेव्हां कळलें कीं सातपूर सोडल्यापासूनच त्याचा दम तुटत होता. जोडीदार पुढें निघून जात होता; त्यास हाक मारून 'जरा हळू' म्हणण्याची याला लाज वाटली. सुमारें अर्धा तास तो मुकाट्यानें पाठलाग करीत राहिला, म्हणून गोळे आले. आणि पहिल्या मुलानें मागें वळून पाहिलें तें गोळे आल्यावर, आधीं नव्हे. तेव्हां त्या पालकांस आमचें उत्तर असें आहे: शिक्षा झाली ती दुसऱ्याच्या पायांची नव्हे, एकाच्या न बोलण्याची व दुसऱ्याच्या न पाहण्याची. मात्र त्यांत तिसरा दोष आमचा. शर्यतीच्या आदल्या दिवशीं हजेरीपटावरील क्रमांकानें आम्हीं जोड्या लावल्या. दोघे त्यापूर्वीं एकदांही बरोबर चालले नव्हते. महाजन बंधूंस एकमेकांचा दम ठाऊक होता. या मुलांस एकमेकांचें पूर्ण नांवही धड ठाऊक नव्हतें. वर आणखी समारंभांत आम्हीं पहिल्या तिघांच्याच जोड्यांचीं नांवें वाचून दाखविलीं, आणि एक मुलगा दुसऱ्यासाठीं थांबला ही गोष्ट कोणाच्या कानींही घातली नाहीं.

'दमलों' हा शब्द आमचे विद्यार्थी उच्चारीत नाहींत, तो केवळ सायकलीवर नव्हे. गणितांत मागें पडलेला मुलगा मार्गशीर्षांत बोलत नाहीं. फाल्गुनांत उत्तरपत्रिकाच बोलते. घरीं पोहोंचतांच 'कितवा नंबर?' हा पहिला प्रश्न येणार हें ज्यास ठाऊक आहे, तो वाटेंत हाक कशी मारील? परीक्षेंत दोघांची वेळ एक धरीत नाहींत, हें आम्हांसही मान्य आहे. पण परीक्षेपूर्वींचे दहा महिने तर सर्वांचेच असतात.

येत्या जानेवारींत शर्यत पुन्हां जोडीनेंच होईल. जोडीदार मुलांनीं स्वतः निवडावा, नांवें दिवाळीच्या सुटीनंतर लगेच द्यावीं, आणि शर्यतीपूर्वीं सहा शनिवार दोघांनीं बरोबर सराव करावा, असें ठरलें आहे. पालकांपैकीं ज्यांस जमेल त्यांनीं एखाद्या शनिवारीं मागून गाडी घेऊन यावें. दणकट मुलानें परवां आपलें नांव दिलें; जोडीदाराची जागा कोरी ठेवून, 'त्याला विचारून सांगतों' म्हणाला.