दासनवमी आणि वृत्ताचे पाऊल

आज माघ वद्य नवमी. शके १६०३ मध्ये, म्हणजे इसवी सन १६८२ साली, याच तिथीस समर्थ रामदासस्वामींनी सज्जनगडावर देह ठेवला. नाशिककरांस हा दिवस विशेष जवळचा. मुंबई-आग्रा महामार्गास पुणे रस्ता जेथे मिळतो, त्या द्वारका चौकापासून टाकळी फार दूर नाही. तेथे गोदावरी-नंदिनीच्या संगमी समर्थांनी १२ वर्षे तप केले. त्रयोदशाक्षरी राममंत्राचा १३ कोटी जप तेथेच पुरा झाला, असे परंपरा सांगते. अक्षर मोजून उच्चारण्याची ही शिस्त पुढे त्यांच्या काव्यातही दिसते.

मनाचे श्लोक २०५. त्यांचे वृत्त भुजंगप्रयात. प्रत्येक चरणात चार य-गण, म्हणजे १२ अक्षरे. य-गण म्हणजे आधी एक लघु, मग दोन गुरू. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. म्हणून चरणाच्या मात्रा २०. ‘मना’ ही हाकच पाहा: म लघु, ना गुरू. पाऊल उचलावे आणि ठामपणे टेकावे, तशी ही चाल आहे. दासबोधासारखा विवेचनाचा ग्रंथ समर्थांनी ऐसपैस ओवीत रचला. पण दारोदार भिक्षेस जाताना म्हणावयाच्या उपदेशास त्यांनी चालते वृत्त दिले. हा योगायोग नव्हे.

वृत्त हा काव्याचा केवळ अलंकार, असे मानणे चुकीचे होय. ते अर्थाचे राखणदार आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे दुबळा; भेद एका मात्रेचा. आपल्या रोजच्या बोलण्यात तो भेद जवळजवळ पुसला जातो. वृत्तात मात्र चुकीचा उच्चार होताच चरण अडखळतो. लिहिणाऱ्याची चूकही म्हणणाऱ्याच्या जिभेस अशीच सापडते.

तरुणपणी एका कीर्तनात आम्ही आवेशाच्या भरात श्लोक भरधाव म्हटला. आरतीनंतर एक निरक्षर आजी जवळ येऊन म्हणाल्या, “बुवा, मधी पाय लंगडला.” त्यांस गण ठाऊक नव्हते, पण जात्यावरच्या ओव्यांनी त्यांचा कान घडविला होता. आमच्या पांडित्यास त्या दिवशी खरा गुरू भेटला.

आज जाती थांबली आहेत. पाठांतराच्या स्पर्धांत मुले घड्याळाशी शर्यत लावून श्लोक म्हणतात, आणि ध्वनिक्षेपकावर ते उसन्या चालींत घोळविले जातात. शब्द कानी पडतात; पाऊल हरवते. घरचा कान घडला नाही, तर पुढच्या पिढीस चूक कळणार तरी कशी? हे काम शाळेवर अथवा यंत्रावर सोपविता येणार नाही.

म्हणून घरोघरी आमची एवढीच विनंती आहे. आज सायंकाळी देवापाशी दिवा लागला की मुलास जवळ घ्यावे आणि एकच श्लोक म्हणावा. लघूस चुटकी, गुरूस टाळी. जोडाक्षराच्या आधीचे ऱ्हस्व अक्षर आघाताने गुरू होते, हे ‘सत्य’ या शब्दातील ‘स’वर बोट ठेवून दाखवावे. घाई करू नये. चार चरण नीट उमटले, तर आजची दासनवमी घडली असे समजावे.