‘असूनही’

दिवाळीच्या सुट्टीत वर्तमानपत्रांत दोन बातम्या हटकून येतात. एक, एस.टी. स्टँडवर प्रवाशांची झुंबड. आणि दुसरी, खालच्या कोपऱ्यात चौकटीत टाकलेली, ‘रिक्षाचालकाचा प्रामाणिकपणा’. पहिली वाचून आपण कपाळाला आठ्या घालतो. दुसरी वाचून आपल्याला गहिवरून येते. चहाचा कप खाली ठेवून आपण ती घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. कुणा बाईंची दागिन्यांची पिशवी रिक्षात राहिली, रिक्षावाल्याने शोधत येऊन ती परत केली, पोलीस ठाण्यात त्याला शाल आणि श्रीफळ मिळाले, आणि ‘घरची गरिबी असूनही’ त्याने मोह आवरला. मग आपण म्हणतो, “जगात अजून माणुसकी शिल्लक आहे हो!” आणि चकलीचा तुकडा मोडतो.

माझे भांडण या बातमीतल्या एका शब्दाशी आहे. ‘असूनही’. मी मराठीचा मास्तर.  वीसेक वर्षे पोरांकडून व्याकरण घोटून घेतले, मधल्या वेळात चार कादंबऱ्या खरडल्या, तेव्हा एका शब्दाशी भांडायचा अधिकार वाचकांनी मला द्यावा. ‘असूनही’ आपण केव्हा वापरतो? पाऊस असूनही तो छत्रीवाचून गेला. ताप असूनही ती परीक्षेला बसली. म्हणजे जे साहजिक घडायला हवे होते ते घडले नाही, तेव्हा. आता हाच नियम त्या चौकटीला लावून पाहा. गरिबी असूनही पिशवी परत केली. म्हणजे गरिबाने पिशवी लांबवणे हेच साहजिक होते! शाल अंगावर घालता घालता आपण त्या माणसाला आणि त्याच्या साऱ्या गणगोताला संशयित ठरवतो. तो बिचारा नारळ हातात धरून फोटोसाठी हसतो.

कुणी म्हणेल, मास्तर शब्दाचा कीस काढताहेत. चांगल्याला चांगले म्हणू नये की काय? म्हणावे, अगदी तोंड भरून म्हणावे. पण मग सर्वांना म्हणा. ‘बंगला असूनही शेजारच्याची बॅग परत केली’ अशी चौकट तुम्ही कधी वाचली आहे का? २०१८ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेतला तेरा हजार कोटींहून मोठा घोटाळा उघडकीला आला. त्यातले मुख्य आरोपी हिऱ्यांचे व्यापारी होते. त्यानंतर सचोटीने धंदा करणाऱ्या एखाद्या जवाहिऱ्याचा ‘श्रीमंती असूनही’ म्हणून कुणी सत्कार केल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे वळण फार जुने आहे. लाकूडतोड्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली. कुऱ्हाड पाण्यात पडते, देवता आधी सोन्याची दाखवते, मग चांदीची, शेवटी लोखंडाची. लाकूडतोड्या म्हणतो, “हीच माझी.” मीही ही गोष्ट वर्गात रंगवून सांगत आलो. पण अलीकडे ती सांगताना मला त्या देवतेचा राग येतो. कुऱ्हाड कुणाची हे तिला ठाऊक होते की नव्हते? ठाऊक होते तर ज्याचे त्याला मुकाट्याने देऊन टाकायचे! उपाशी माणसासमोर सोने नाचवून त्याची परीक्षा कशाला? आणि ही परीक्षा लाकूडतोड्याचीच का? त्या जंगलाच्या ठेकेदाराचे कधी काही पाण्यात पडले नसेल?

मी मोठ्या तोंडाने बोलतो आहे खरा. पण या पापात मी गळ्यापर्यंत बुडालेला आहे. तेच आता सांगतो.

२०२२ सालची दिवाळी. आम्ही स्वारगेटहून एस.टी.ने कराडला उतरलो. हातात तीन पिशव्या, फराळाचा डबा, एक पेंगुळलेले पोर. स्टँडवरून रिक्षा केली आणि घरी येऊन पाहतो तो एक पिशवी नाही. तिच्यात आईच्या पाटल्या होत्या आणि अकरा हजार रुपये. मी आणि बायको तसेच घराला कुलूप लावून, पोर शेजारी ठेवून, स्टँडकडे धावलो. तीस-चाळीस रिक्षावाल्यांना विचारले. विचारताना माझ्या आवाजात काय होते ते आज आठवले की मान खाली जाते. मी विचारत नव्हतो, झडती घेत होतो.

रात्री साडेनऊला दारात रिक्षा थांबली. पिशवीत माझ्या नावपत्त्याचे मासिकाचे वेष्टन होते, त्यावरून त्याने घर नेमके हुडकले होते. त्याने पिशवी माझ्या हातात दिली. आणि मी काय केले? दिव्याखाली पिशवी उपडी करून नोटा मोजायला बसलो. त्याच्यासमोर. बायकोने मला कोपरखळी मारली आणि म्हणाली, “भाऊ, आत या, बसा. फराळ केल्याशिवाय जायचं नाही.” तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. माझे मोजणे संपेपर्यंत उभा राहिला. माणूस शहाणा होता, मोजू दिले.

मग मी पाचशेची नोट पुढे केली. तो म्हणाला, “एवढं नगं मास्तर. दोन फेऱ्या झाल्या. पयल्यांदा आलो तवा कुलूप हुतं. एकशेवीस द्या म्हंजे झालं.”

वाचकहो, खरे सांगतो, त्या क्षणी माझा थोडा विरस झाला! पाचशे नाकारून तो नुसता हात जोडील आणि अंधारात निघून जाईल, अशी काहीतरी माझी अपेक्षा होती. कादंबरीत मी त्याला तसाच घालवला असता. दुसऱ्या दिवशी मित्रमंडळींत ही हकिकत सांगितली तेव्हा एकजण म्हणाला, “बघा, एकशेवीस मागितलेच शेवटी.” आणि मी, अकरा हजार आणि आईच्या पाटल्या परत मिळालेला मी, त्यावर हसलो.

पुढे एका वकील मित्राने मला १८७२ सालचा भारतीय करार कायदा दाखवला. त्याचे एकाहत्तरावे कलम सांगते की, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. आणि एकशे अडुसष्टावे कलम सांगते की, वस्तू जपायला आणि मालक हुडकायला जी तोशीस आणि जो खर्च पडला त्याची भरपाई मिळेपर्यंत ती वस्तू तो अडवून धरू शकतो. मालकाने बक्षीस जाहीर केलेले असेल, तर ते न मिळाल्यास दावासुद्धा लावू शकतो. म्हणजे तो रिक्षावाला दीडशे वर्षांचा जुना कायदा जगत होता, आणि तोही निम्माच. कारण पिशवी त्याने आधी दिली आणि एकशेवीस मागून मागितले. उलट बाजूही कायद्यात आहे. रस्त्यावर पडलेला रुपया, मालक कोण ते ठाऊक नसताना उचलला, तर तेवढ्याने गुन्हा होत नाही. पण मालक कोण ते कळूनही गिळंकृत केला, तर होतो. पूर्वी हे दंडसंहितेच्या ४०३ कलमात होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१४ कलमात आहे. दोन्हीकडे गरीब-श्रीमंत असा भेद मला सापडला नाही.

आता कुणी म्हणेल, कायदा असेल, पण मनुष्यस्वभाव? मोह? त्याचीही कुणीतरी पाहणी केलेली आहे. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात चार संशोधकांचा निबंध आला. त्यांनी ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक ‘हरवलेली’ पाकिटे बँका, हॉटेले, नाट्यगृहे, टपालकचेऱ्या अशा ठिकाणच्या माणसांच्या हवाली केली. “रस्त्यात सापडले, तुम्हीच काय ते बघा” म्हणाले आणि निघून गेले. आपला देशही त्यांत होता. पाकिटे पारदर्शक, आत किल्ली, वाणसामानाची यादी, मालकाची कार्डे. काहींत पैसे, काहींत नाहीत. बिनपैशाच्या पाकिटांपैकी शेकडा ४० पाकिटांच्या मालकांना कळवण्यात आले. पैसे असलेल्यांपैकी ५१. तीन देशांत पाकिटात आणखी जास्त रक्कम ठेवून पाहिली, तर आकडा ७२ वर गेला! रक्कम वाढली तशी सचोटी वाढली. सामान्य लोकांना आणि अर्थशास्त्र्यांना अंदाज विचारला, तर दोघांचाही चुकला. आपण चोर आहोत असे स्वतःलाच वाटणे माणसाला सोसत नाही, आणि चोरी जितकी मोठी तितके ते अधिक टोचते, असा त्या संशोधकांचा अर्थ. मला त्यात नवल वाटले ते अंदाज चुकणाऱ्यांचे. शिकलेसवरलेले लोक माणसांविषयी इतके वाईट कधीपासून समजू लागले? पण मी तरी कोणत्या तोंडाने विचारू? नोटा मोजल्या होत्या मीच.

रेल्वेचे मात्र मला एक आवडते. गाडीत राहिलेले सामान प्रवाशांना परत करण्याच्या आपल्या कामाला रेल्वे सुरक्षा दलाने नाव दिले आहे ‘ऑपरेशन अमानत’. अमानत म्हणजे ठेव. सामान ज्याचे त्याचे, मधल्याने जपलेले. त्यात कुणाची गरिबी नाही की कुणाचा मोह नाही. हा शब्द ज्याला सुचला त्याला मराठीत मी पैकीच्या पैकी गुण देईन.

एवढे सगळे कळल्यावर मी शहाणा झालो असे म्हणाल, तर तसेही नाही. गेल्या वर्षी आमच्या सातवीतल्या एका मुलाला गावाकडून येताना एस.टी.त पाकीट सापडले. त्याने ते कंडक्टरच्या हातात दिले, मालकाला ते मिळाले, मालकाने शाळेला पत्र लिहिले. शाळेने सव्वीस जानेवारीला सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचे काम, अर्थात, कादंबरीकार मास्तरांकडे आले. मी एका बैठकीत लिहून टाकले. ‘आई धुणीभांडी करून संसाराचा गाडा ओढीत असूनही...’ लेखणी सराईत झाली की अशी वाक्ये आपोआप उतरतात. मुख्याध्यापकांनी ते खड्या आवाजात वाचले. टाळ्या झाल्या. पोरगा बुटांकडे बघत उभा होता. नंतर तीन दिवस तो शाळेला आला नाही.

चौथ्या दिवशी त्याची आई आली. प्लॅस्टिकच्या वेष्टनातले ते मानपत्र पदराखाली धरले होते. मला वाटले आभार मानायला आली. म्हणाली, “मास्तर, एवढं एक वाक्य खोडून द्या. मग भितीला लावते.”

मी काहीतरी गुळमुळीत बोलू लागलो. म्हटले, त्यात तुमचा गौरवच आहे. ती शांतपणे म्हणाली, “सा घरची कापडं धुते मी, बारा वर्सं झाली. खिशातनं नोटा निघत्यात, कानातलं निघतं, एकदा अंगठी निघाली. वाळवून कट्ट्यावर ठेवती. कुणी शाल दिली न्हाई, आणि मीबी मागितली न्हाई. पोरगं ह्येच बघत मोठं झालं. आन तुमी लिवलं, मी धुणं करती तरीबी त्यो चांगला निघाला.”

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, तिला पुढच्या घरी जायचे होते. प्लॅस्टिकमधले वाक्य खोडता येईना. नवीन प्रत छापून घ्यावी म्हणून कार्यालयात गेलो, तर खर्चाला मंजुरी नाही म्हणाले. सत्काराचे बिल एकदा निघाले, आता दुसरे कसे काढणार? मग संध्याकाळी मीच बाजारात गेलो. नव्या मानपत्रात ‘आई धुणीभांडी करते’ हे ठेवले. तिचा आक्षेप त्याला नव्हताच. खाली लिहिले, ‘हा मुलगा हे आपल्या आईकडून शिकला.’ छपाई आणि प्लॅस्टिक मिळून ऐंशी रुपये पडले.